गोव्याच्या बंदरातून गेलेले दोन प्राणी आणि त्यांची दोन चित्रे

सोळाव्या-सतराव्या शतकांतील गोव्याच्या बंदराचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा मिरी, आरमार, अरबी घोडे आणि धर्मांतरे यांचीच चर्चा होते. आणि ते स्वाभाविकही आहे. ज्या कुळांचे देव तिसवाडी, साष्टी व बारदेश सोडून नदीपलीकडे अंत्रुजात, डिचोलीत आणि आणखी दूर गेले, त्या कुळांतील माणसांना त्या बंदराकडे निर्विकार मनाने पाहणे कठीणच. तथापि त्याच बंदरातून एकेकाळी दोन मुके प्राणी असे गेले की, त्यांच्या चित्रांनी चित्रकलेच्या आणि निसर्गज्ञानाच्या इतिहासात कायमची जागा मिळविली. पहिला १५१५ च्या जानेवारीत पश्चिमेकडे लिस्बनला गेला. तो गेंडा होता. दुसरा त्यानंतर सत्त्याण्णव वर्षांनी, १६१२ साली, उत्तरेकडे मोगल बादशहापुढे हजर झाला. तो एक पक्षी होता. पहिल्याचे चित्र ज्याने काढले त्याने तो प्राणी जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्याचे चित्र ज्याने काढले त्याने तो समोर ठेवून पाहिला होता. या दोन चित्रांची हकीकत आपल्या वाचकांपुढे मांडावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गोवा आदिलशाहीकडून १५१० साली आफोंसु द आल्बुकेर्कने घेतले. त्यानंतर लवकरच त्याची नजर दीव बंदराकडे वळली आणि तेथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळविण्यासाठी १५१४ साली त्याने गुजरातचा सुलतान मुजफ्फर याच्याकडे वकील पाठविले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला. पण राजरीतीप्रमाणे नजराणे दिले घेतले, आणि परतभेट म्हणून एक जिवंत गेंडा वकिलांच्या हवाली केला. नकार गोड करण्याची ही रीत मोठी खर्चिक खरी! आल्बुकेर्ककडे एवढे अवजड जनावर ठेवून घेण्याची सोय नव्हती आणि इच्छाही नसावी. त्याने ते आपला राजा मानुएल याजकडे पाठविण्याचे ठरविले. गेंडा गोव्यात आला, जहाजावर चढविला गेला, आणि ओसेम नावाच्या रखवालदारासह मोझांबिक, सेंट हेलेना व अझोर बेटे या मार्गाने सुमारे एकशेवीस दिवसांचा समुद्रप्रवास करून २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. ‘गेंडा’ हा आपला शब्दही पोर्तुगीजांनी त्याच्याबरोबर नेला. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा कोणी पाहिलाच नव्हता. जुन्या ग्रंथांतून त्याचे वर्णन वाचलेले विद्वान होते. पण तो खरोखर असतो की कल्पित आहे, याविषयी लोकांच्या मनात गोंधळ होता.

प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनी याने हत्ती व गेंडा हे जन्माचे वैरी आहेत असे लिहून ठेवले होते. राजाला त्याची परीक्षा पाहण्याची लहर आली. ३ जून १५१५ रोजी एक तरुण हत्ती व हा गेंडा यांना समोरासमोर सोडण्यात आले. हत्ती गर्दीला आणि गोंगाटाला बिचकून पळून गेला, आणि प्लिनीचे म्हणणे सिद्ध झाले असे सर्वांनी मानून घेतले. पुढे त्याच वर्षाच्या डिसेंबरात राजाने हा गेंडा रोमला पोप दहावा लिओ यास नजर म्हणून रवाना केला. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडाले. गेंडा पोहणारा प्राणी आहे. पण तो डेकवर साखळदंडांनी जखडलेला होता. ज्या प्राण्याला हजारो कोस नेले, त्याचा शेवट असा झाला.

मात्र त्याचे चित्र त्याच्या आधीच दूरवर पोहोचले होते. लिस्बनहून एका पत्राबरोबर एक रेखाटन जर्मनीतील नूरेंबर्ग शहरी गेले, आणि ते तेथील थोर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याच्या हाती पडले. ड्यूरर हा काही ऐकीव गोष्टींवर चित्रे रंगविणारा सामान्य कारागीर नव्हता. त्याने १५०२ मध्ये रंगविलेला ससा आणि १५०३ मध्ये रंगविलेला गवताचा एक साधा पुंजका आज व्हिएन्ना येथील आल्बर्टीना संग्रहालयात आहेत. सशाच्या अंगावरील केसांचे वळण जागोजागी कसे बदलते, गवताच्या पात्यांत तणाची कोणकोणती जात मिसळली आहे, हे त्यांत ओळखता येते. राजे, संत आणि देवदूत यांची चित्रे काढणाऱ्या काळात एका मूठभर गवताला आपल्या कलेचा पूर्ण विषय मानणे, हे मोठ्या मनाचेच लक्षण होय. पण ससा आणि गवत त्याच्या डोळ्यांपुढे होते. गेंडा नव्हता.

तेव्हा त्याने पत्रातील शब्दांवरून आणि त्या रेखाटनावरून चित्र काढले व लाकडी ठशावर कोरविले. त्याच्या गेंड्याच्या अंगावरील कातडीच्या घड्या लोखंडी चिलखताच्या पत्र्यांसारख्या झाल्या. पायांवर खवले आले. आणि मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये, एक लहानसे पिळदार दुसरे शिंग उगवले, जे आपल्याकडील कोणत्याही गेंड्याला नसते. लिस्बनला तो कधी आला याचे सालही चित्रावर चुकीचे, १५१३, असे छापले गेले. असे असूनही चित्र असे जोरकस उतरले आहे की, पाहणाऱ्याला त्या प्राण्याचे वजन जाणवते. ते छापील असल्याने त्याच्या हजारो प्रती निघाल्या. त्याच साली आउग्सबुर्गच्या हान्स बुर्क्मायर याने याच गेंड्याचे दुसरे एक ठसाचित्र केले होते. ते निसर्गाच्या पुष्कळच जवळ आहे. त्यात ते भलते शिंग नाही आणि पुढचे पाय दोराने बांधलेले दाखविले आहेत. त्या चित्राची आज केवळ एक प्रत उरली आहे. खरे चित्र एका प्रतीवर राहिले आणि चुकीचे चित्र साऱ्या खंडभर गेले! सुमारे सव्वादोनशे वर्षे युरोपातील प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतून ड्यूररचा चिलखती गेंडाच छापला जात होता. १७४१ साली बंगालमधून ‘क्लारा’ नावाची एक गेंड्याची मादी हॉलंडला नेण्यात आली व पुढे १७५८ पर्यंत तिला युरोपभर फिरविण्यात आले. तेव्हा कोठे चित्रकारांना खरा गेंडा पाहून काढता आला आणि ते मानेवरचे शिंग हळूहळू गळून पडले.

या प्रकरणात ड्यूररला दोष देणे योग्य होणार नाही. जे साधन हाती होते त्यातून त्याने केले. परंतु ज्या गोव्यातून तो गेंडा गेला, त्या गोव्यात ज्ञानाची सामग्री नव्हती असेही नाही. १५३४ मध्ये गोव्यास आलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने येथील वनस्पती व औषधे यांवरील आपला संवादात्मक ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. आंबा, फणस, हळद, अफू यांची त्याने स्वतः डोळ्यांनी पाहून, वैद्यांना व व्यापाऱ्यांना विचारून लिहिलेली माहिती आजही विश्वसनीय मानली जाते. मात्र या ग्रंथात वनस्पतींची चित्रे नाहीत. वाचकाने शब्दांवरून कल्पना करायची. (या ओर्ताचे पुढे काय झाले हे गोमंतकीयांना सांगावयास नको: १५६८ मध्ये तो मरण पावला, आणि १५८० मध्ये धर्मन्यायसभेने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.) शब्दाने केलेले वर्णन कितीही चोख असले तरी ते वाचणारा आपल्या मनातील ओळखीचे आकार त्यात भरतो. ड्यूररने चिलखत भरले, कारण त्याचे शहर चिलखते घडविणाऱ्यांचे होते.

आता दुसऱ्या प्राण्याकडे वळू.

गोवा आणि मोगल दरबार यांची ये-जा अकबराच्या काळी सुरू झाली. १५७५ मध्ये अकबराने हाजी हबीबुल्ला यास गोव्याला पाठवून तेथील नवलाच्या वस्तू आणविल्या. पुढे त्याच्याच आमंत्रणावरून पहिले जेझुइट मंडळ गोव्याहून निघून १५८० च्या आरंभी फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. त्याचा प्रमुख रुदोल्फ आक्वाव्हिवा. हाच पाद्री परत आल्यावर १५८३ साली कुंकळ्ळी येथे, देवळांच्या विध्वंसाने पेटून उठलेल्या गांवकारांच्या हातून मारला गेला, हे साष्टीतील कुळांना ठाऊकच आहे. त्या मंडळाने अकबरास आंत्वेर्प येथे छापलेला अनेक भाषांतील बायबलचा मोठा ग्रंथ भेट दिला होता. त्याच्या पहिल्या खंडाच्या मुखचित्रात सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकत्र कोरलेले आहेत. अशा ठशांतून युरोपीय रेखाटनाची रीत मोगल चित्रशाळेत शिरली. ड्यूररच्या कोरीव चित्रांच्या प्रतीही तेथे पोहोचल्या होत्या. १६०० साली तेरा वर्षांच्या अबुल हसन या मुलाने ड्यूररच्या एका चित्रातील आकृतीची केलेली हुबेहूब नक्कल आज ऑक्सफर्डला पाहावयास मिळते. हा अबुल हसन पुढे जहांगीरचा मानकरी चित्रकार झाला. चिनार वृक्षावर खेळणाऱ्या खारींचे सुप्रसिद्ध चित्र त्याच्याच नावावर आहे; आणि गंमत अशी की, त्यातील तांबूस खारी आपल्या देशातल्या नव्हेतच, त्या युरोपातील जातीच्या आहेत.

जहांगीर १६०५ मध्ये तख्तावर आला. राज्यकर्ता म्हणून त्याचे मूल्यमापन इतिहासकार करोत. मद्य आणि अफू यांनी त्याला पोखरले होते, यात शंका नाही. पण निरीक्षक म्हणून त्याच्या तोडीचा राजा आपल्या देशात दुसरा दाखविता येणार नाही. नवी वस्तू दिसली की ती मोजावी, तोलावी, चिरून पाहावी आणि रोजनिशीत लिहावी, ही त्याची वृत्ती. लैला व मजनू अशी नावे दिलेली सारस पक्ष्यांची जोडी त्याने पाळली होती. ती जोडी केव्हा एकत्र आली, अंडी कोणत्या दिवशी घातली, नर व मादी आळीपाळीने ती कशी उबवीत, हे सर्व त्याने गुजरातच्या मुक्कामात तारीखवार नोंदविले आहे. एखाद्या आजच्या पक्षिशास्त्रज्ञाची टिपणवही वाटावी, असा तो मजकूर आहे.

या बादशहाने आपला विश्वासू सरदार मुकर्रब खान यास राजकारणाच्या निमित्ताने गोव्याच्या विजरईकडे पाठविले, आणि तेथे जे जे दुर्मिळ दिसेल ते किमतीकडे न पाहता विकत घ्यावे अशी आज्ञा केली. मुकर्रब खानाने आज्ञा अक्षरशः पाळली. फिरंग्यांनी मागितली ती किंमत मोजून त्याने वस्तू उचलल्या. १६१२ मध्ये तो परत येऊन बादशहापुढे हजर झाला तेव्हा त्या वस्तूंत काही जनावरे अशी होती की, त्यांची नावेही दरबारात कोणाला सांगता येईनात. त्यांपैकी एका पक्ष्याचे वर्णन जहांगीराने मोठ्या बारकाईने केले आहे. लांडोरीहून मोठा व मोराहून लहान. मदात आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचणारा. डोके व मान घटकेत पोवळ्यासारखी लाल, घटकेत कापसासारखी पांढरी आणि घटकेत पिरोजी होणारी. चोचीवर लोंबणारा मांसाचा तुरा कधी हत्तीच्या सोंडेसारखा लांबणारा, तर कधी आखडून गेंड्याच्या शिंगासारखा उभा राहणारा. हा टर्की होय. मूळचा मेक्सिकोचा हा पक्षी स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला आणि पोर्तुगीजांनी गोव्यात आणला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्थानचे नाव दिले, पोर्तुगीजांनी पेरू देशाचे. दोन्ही देशांशी त्याचा जन्मसंबंध नाही! नामकरणही ऐकीव माहितीवर होत असते, याचे हे उत्तम उदाहरण.

परंतु त्या नोंदीतील खरे महत्त्वाचे वाक्य या वर्णनापुढचे नसून मागचे आहे. जहांगीर म्हणतो की, आपला पणजा बाबर याने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रकारांना त्यांची चित्रे काढण्याची आज्ञा केली नाही. आपण वर्णनही करीत आहोत आणि चित्रेही काढवीत आहोत, अशासाठी की ऐकून जे आश्चर्य वाटेल ते पाहून अधिक वाढावे. बाबराच्या ग्रंथाचे फारसी भाषांतर अब्दुर्रहीम खानखानाने १५८९ मध्ये अकबरास सादर केल्यानंतर त्याच्या सचित्र प्रती तयार झाल्या होत्या. त्यांतील पशुपक्षी रंगविणाऱ्यांत मन्सूर नावाचा एक तरुण होता. म्हणजे त्याने आरंभी बाबराच्या शब्दांसाठी चित्रे काढली. गोव्याहून आलेला पक्षी रंगविण्याचे काम आले, तेव्हा मात्र त्याच्यापुढे शब्द नव्हते, नावही नव्हते. फक्त पक्षी होता.

हे टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे व जाणकार ते मन्सूरचेच मानतात. त्यात देखावा जवळजवळ नाही. साध्या पार्श्वभूमीवर पक्षी एका बाजूने उभा केला आहे. डोक्याची निळी कातडी, गळ्याखालचे तांबडे लोळ, छातीवरील पिसांच्या एकावर एक चढलेल्या ओळी, शेपटीच्या पिसांच्या कडा, पायांवरील खवले, सर्व काही जेथल्या तेथे. खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले, गोंदात खललेले खनिज रंग आणि अकीकाने घोटून गुळगुळीत केलेला कागद, एवढीच त्याची सामग्री. रंगाचे थर एकावर एक चढवून प्रत्येक थरानंतर चित्र पालथे घालून मागून घोटावयाचे, अशी ती वेळखाऊ पद्धत होती. पण मला स्वतःला त्या चित्रात सर्वांत मोलाचे वाटते ते चित्रकाराचे मौन. हा पक्षी शुभ की अशुभ, कोणत्या देवाचा वा राजाचा, कोणत्या कथेतला, असे काहीही चित्र सांगत नाही. तो आहे, एवढेच सांगते.

येथे वाचक विचारतील की, आपल्याकडे पशुपक्ष्यांची चित्रे नव्हती काय? होती, आणि अत्यंत सुंदर होती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर कमळांतून धावणारा हत्ती ज्याने काढला त्याने हत्ती पुष्कळ जवळून पाहिले असले पाहिजेत. फार काय, सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळ येथे जांभ्या दगडाच्या सड्यावर कोरलेले बैल, हरणे आणि मोर १९९३ साली अभ्यासकांच्या नजरेस आले. ते अश्मयुगातील माणसाने, अक्षर जन्माला येण्यापूर्वी, खोदून ठेवले आहेत. मात्र देवळांच्या कलेत प्राण्याचे स्थान वेगळे आहे. तेथील मोर हा कार्तिकेयाचा किंवा सरस्वतीचा, सिंह हा देवीचा, उंदीरही गणपतीचा. कारागीर एखाद्या विशिष्ट मोराचे चित्र काढीत नाही, मोरपणाचे काढतो. त्यात त्याची कुसर कमी नसते, हेतू निराळा असतो. मन्सूरच्या पक्ष्याला वाहन होण्याचे भाग्य लाभले नाही. तो स्वतःसाठीच उभा आहे.

देवळांचा विषय निघालाच आहे, तर महाजनांच्या या स्मरणिकेत एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गोमंतकात आणि दक्षिणेस कारवार, कुमठ्यापर्यंत कावी नावाची भित्तिचित्रांची कला नांदत होती. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा लेप देऊन, तो ओला असतानाच लोखंडी टोकाने कोरून खालचा पांढरा चुना उघडा करावयाचा, अशी तिची रीत. मोरजीच्या मोरजाईच्या आणि अडवलपालच्या शांतादुर्गेच्या देवळांत ती अजून पाहावयास मिळते. वेली, फुले, पक्षी, प्राणी आणि पुराणकथा अशा दोनच रंगांत किनाऱ्यावरील कित्येक देवळांच्या भिंतींवर उतरल्या होत्या. जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यांतील पुष्कळशा गिलाव्यासकट खाली आल्या, काहींवर तैलरंग चढला, काहींपुढे संगमरवर उभा राहिला. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. देवाचे घर नवे व लखलखीत दिसावे, हीच भावना होती. पण मन्सूरच्या कागदाची दुसरी प्रत कदाचित निघेल, कावीच्या भिंतीची निघत नाही. यापुढे कोणत्याही देवस्थान समितीने जुनी भिंत उतरविण्यापूर्वी निदान तिची छायाचित्रे व मोजमापे घेऊन ती दप्तरी लावावीत, एवढी विनंती या निमित्ताने करून ठेवतो.

टर्कीच्या चित्रानंतर बादशहाची ही हौस वाढतच गेली. मन्सूरला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या युगातील नवल, हा किताब मिळाला. १६१९ साली इराणच्या शाहाने पाठविलेला एक ससाणा वाटेत मांजराने जखमी केल्यामुळे दरबारी पोहोचल्यावर लवकरच मेला. तेव्हा जहांगीराने मन्सूरला त्याचे चित्र काढून ठेवावयास सांगितले. १६२० च्या वसंतात बादशहा काश्मीरला गेला, आणि तेथे मन्सूरने शंभरांहून अधिक फुले रंगविली. त्यांतील अगदी थोडी शिल्लक आहेत. लाल ट्युलिपचे एक चित्र अलीगढच्या विद्यापीठात जपलेले आहे. १६२१ मध्ये हबसाणातून एक पट्टेरी जनावर आले. ते पट्टे कोणी रंगविलेले तर नाहीत ना, अशी शंका आल्यावरून नीट तपासून पाहण्यात आले. ते जन्मजात ठरल्यावर चित्र काढविण्यात आले आणि जनावर इराणच्या शाहाला भेट गेले. त्या झेब्र्याच्या चित्रावर जहांगीराच्या स्वतःच्या हातची टीप आहे.

हे सर्व वाचून जहांगीराला प्राण्यांचा दयाळू मित्र समजण्याचा मोह होईल. तो आवरावा. याच रोजनिशीत त्याने आपल्या शिकारीचा हिशेब मांडला आहे: वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरे मारली गेली, त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारली. त्यांत ३,२०३ चतुष्पाद आणि १३,९६४ पक्षी. कारकुनांकडून हा जमाखर्च त्याने मुद्दाम करवून घेतला होता. पुढे नातू शुजा आजारी पडला तेव्हा कोणत्याही जिवाला आपल्या हाताने इजा करणार नाही असा नवस त्याने केला. तो अखेरपर्यंत टिकला नाही. सारसांच्या अंड्यांचे दिवस मोजणारा आणि मारलेल्या पक्ष्यांचा आकडा मोजणारा माणूस एकच होता. ही विसंगती जशी आहे तशीच पत्करणे बरे. तिची गोड उकल काढू गेल्यास इतिहास खोटा होईल. त्या काळी रानेही अपार वाटत होती. अकबराजवळ एक हजार चित्ते जमा झाले होते, परंतु बंदिवासात त्यांची वीण झाली नाही, आणि आपल्या काळी मात्र एका मादीला तीन पिल्ले झाली, हे जहांगीराने अभिमानाने लिहिले आहे. ज्याचे नावच संस्कृत ‘चित्रक’ शब्दावरून आले, तो चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. २०२२ मध्ये ग्वाल्हेरच्या नैर्ऋत्येस असलेल्या कुनोच्या रानात आफ्रिकेतून चित्ते आणून सोडावे लागले.

मन्सूरच्या आणखी दोन चित्रांचीही अशीच गत आहे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये त्याने काढलेला सायबेरियन क्रौंच आहे: शुभ्र पिसे, तांबडा चेहरा, तांबूस पाय. हा पक्षी हिवाळ्यात भरतपूरला उतरत असे. २००२ नंतर तेथे तो आलेला नाही. दुसरे चित्र रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. त्याच्या चार कोपऱ्यांत एक छोटा पोपट, हिमालयातील एक तेजस्वी रानकोंबडा, पट्टकादंब हंस व पखुर्ड्या अशा पक्ष्यांची गर्दी आहे. आणि मधोमध एक जाडा, आखूड पंखांचा, वाकड्या चोचीचा पक्षी उभा आहे. तो डोडो. मॉरिशस बेटाखेरीज पृथ्वीवर तो कोठेच नव्हता. खलाशांनी, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या डुकरांनी व उंदरांनी, सतराव्या शतकाच्या अखेरीपूर्वी त्याचा निर्वंश केला. १६२८ च्या सुमारास पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन जिवंत डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. युरोपात डोडोची चित्रे पुष्कळ निघाली. त्यांतली बहुतेक एकावरून दुसरे अशी उतरविलेली असून, त्यांतील पक्षी ड्यूररच्या गेंड्यासारखा दर नकलेगणिक अधिक बेढब होत गेलेला दिसतो. जिवंत डोडो समोर ठेवून काढलेली रंगीत चित्रे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यांत या चित्राची गणना होते. डोडोचा रंग कसा होता असा प्रश्न आला की शास्त्रज्ञ या कागदाकडे पाहतात.

गेंडा मात्र वाचला. बाबराने पेशावरकडे ज्याची शिकार केली तो गेंडा आज मुख्यतः आसाम, उत्तर बंगाल व नेपाळ येथेच उरला असला, तरी २०२२ च्या गणनेत एकट्या काझिरंगात २,६१३ गेंडे मोजले गेले.

मोगल बादशहांच्या या टिपणांचे आणि चित्रांचे मोल आपल्या काळात ज्यांनी प्रथम ओळखले, त्यांत सलीम अली यांचे नाव घेतले पाहिजे. १९२७ च्या सुमारास, पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव होण्यापूर्वीच, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मोगल सम्राटांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली, आणि जहांगीराच्या नोंदी प्रत्यक्ष पक्ष्यांच्या वर्तनाशी ताडून पाहिल्या. १९८७ मध्ये ते निवर्तले. पुढच्याच वर्षी मांडवीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकावरील खारफुटीचे रान पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले व त्यास त्यांचे नाव देण्यात आले. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेथे काही मिनिटांत जाता येते. नदीच्या ज्या भागातून सुलतानाचा गेंडा समुद्राकडे गेला, त्याच प्रवाहाच्या काठी, जुन्या गोव्याच्या धक्क्यापासून थोडे खाली, हे रान आहे. हिवाळ्यात सकाळच्या ओहोटीला तेथील चिखलावर उत्तरेकडून आलेले पाणपक्षी चरताना दिसतात.